कंपनीची पार्टी, आपली टाइमलाइन

टाचणी:
ब्रँडवाल्यांच्या ऑनलाइन पार्ट्यांबद्दल तुम्हाला काय वाटतं, हे बरेच दिवस विचारायचं होतं. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एखादी कंपनी नवं उत्पादन बाजारात आणते आणि ठरावीक दिवशी, ठरावीक तासाला सोशल मीडियावर एका हॅशटॅगखाली 'पार्टी' जाहीर करते. यजमान म्हणून कंपनीचं खातं आणि जोडीला बऱ्यापैकी फॉलोअर असलेली चार-दोन माणसं. आधी फॉर्म भरून नाव नोंदवायचं. मग तासभर दर पाच-सात मिनिटांनी 'तुमच्या सकाळची सुरुवात कशी होते?' छापाचा एक प्रश्न येतो. प्रत्येक उत्तरात हॅशटॅग आणि कंपनीचं नाव घालायचं. मध्ये मध्ये बक्षिसं. शेवटी 'आपण ट्रेंडिंगला (म्हणजे सध्या गाजणाऱ्या विषयांच्या यादीत) आलो!' म्हणून सगळे एकमेकांचं अभिनंदन करतात.

जाहिरातीवर माझा राग नाही. जाहिरात दिसली की बोट आपोआप पुढे सरकतं, इतकी सवय झालीय. इथे ती ओळखीच्या माणसाच्या तोंडून येते, हे खटकतं. एरवी तिरकस आणि मोजकं लिहिणारी बाई त्या तासात 'वॉव, किती सुंदर प्रश्न!' असं लिहायला लागते, तेही सारखं सारखं. तास संपला की पुन्हा पहिल्यासारखी. मधल्या वेळात तिला काही वेगळं विचारलं तर त्या उत्तरालाही हॅशटॅग चिकटलेला.

तुम्ही जाता का अशा पार्ट्यांना? जाणाऱ्यांना त्यातून काय मिळतं? आणि न जाणारे त्या तासात काय करतात?

मधली_सुट्टी:
मी जाते आणि मला आवडतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी 'अशा बायका' म्हणून लिहायला लागलं तर त्यात मीही आहे हे लक्षात राहील.

मूल अगदी लहान होतं तेव्हा रात्री घरात बोलायला माणूस नसायचं. त्या वेळेला बाळांच्या वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांच्या पार्ट्या असायच्या. प्रश्न फालतू असायचे, कबूल. पण त्यांच्याखाली आमच्या ज्या गप्पा रंगायच्या त्या फालतू नव्हत्या. दात येताना मूल रात्र रात्र झोपत नाही, तुम्ही काय करता, असं एकीने विचारलं की धडाधड उत्तरं यायची. त्यातल्या दोघी-तिघींशी आजही बोलणं आहे. कंपनीचं नाव मात्र आठवत नाही. आता सांगा, कुणी कुणाला वापरून घेतलं?

बक्षिसंही मिळाली आहेत. काही कामाची, काही कपाटात.

उलटतपासणी:
पार्टी म्हणून बोलवायचं आणि विकायचं, ही युक्ती सोशल मीडियाच्या कितीतरी आधीची. अर्ल टपर या अमेरिकन माणसाने १९४६ मध्ये हवाबंद झाकणाचे प्लास्टिकचे डबे बाजारात आणले, तेच टपरवेअर. दुकानात ते पडून राहायचे, कारण झाकण दाबून आतली हवा काढायची असते हे कुणी करून दाखवल्याशिवाय कळत नसे. मग ब्राउनी वाइज या बाईंनी घरोघरी बायका जमवून, डबे हाताळायला देऊन ते विकून दाखवले. तो खप बघून कंपनीने १९५१ मध्ये डबे दुकानांतून काढूनच घेतले आणि सगळी विक्री घरगुती पार्ट्यांवर सोपवली. १९५४ मध्ये वाइज 'बिझनेस वीक'च्या मुखपृष्ठावर आल्या. त्या मुखपृष्ठावर आलेली ती पहिली स्त्री. चार वर्षांनी टपरने त्यांनाच कंपनीतून काढून टाकलं, तो वेगळ्या धाग्याचा विषय.

यातली खरी मेख अशी, की डबे विकायला कंपनीची बाई यायची, पण बोलावणं मैत्रिणीचं असायचं. घर मैत्रिणीचं, बसायला खुर्ची मैत्रिणीची, आणि विक्री झाली की भेटवस्तूही मैत्रिणीला. अशा ठिकाणाहून रिकाम्या हाताने उठणं जड जातं. मन वळवण्याच्या युक्त्यांचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट चाल्डिनी यांनी नेमका हाच दाखला घेतला होता. १९९० मध्ये फ्रेंझेन आणि डेव्हिस या अभ्यासकांनी अशा पार्ट्यांतली खरेदी तपासली. बाई विकत घेईल की नाही, हे वस्तू किती आवडली यापेक्षा यजमानीणीशी नातं किती घट्ट आहे यावर जास्त ठरतं, असं त्यांना दिसलं.

हॅशटॅग पार्टीत डबे नाहीत, खुर्च्या नाहीत. मैत्रिणीच्या शब्दाचं वजन मात्र तेच आणि तसंच वापरलं जातं. दिवाणखाना मोठा झाला, एवढाच फरक.

टाचणी:
दिवाणखाना मोठा झाला इथेच माझं घोडं अडतं. टपरवेअरच्या पार्टीला जी गेली ती बोलावल्यावर, आपल्या पायांनी गेली. तिथे काय होणार हे तिला ठाऊक होतं. इथे पार्टीला गेली माझी मैत्रीण, आणि मी तिची फॉलोअर म्हणून न बोलावता त्या खोलीत उभी.

मधली_सुट्टी, तुम्हाला जिवाभावाची माणसं मिळाली याचा आनंद आहे, खरंच. पण तुमच्या गप्पांची जागा कंपनीने दिली तशी तुमच्या फॉलोअरांची जागा कंपनीला कुणी दिली? ती तुम्ही दिलीत, त्यांना न विचारता.

मधली_सुट्टी:
माझ्या खात्यावर मी काय लिहायचं यासाठी फॉलोअरांची परवानगी घ्यायची? क्रिकेटची मॅच असली की लोक चार-चार तास दर चेंडूला पोस्ट टाकतात, त्यांना कुणी विचारतं का?

अर्धविराम:
मॅचबद्दल लिहिणाऱ्याला त्यातून काही मिळायचं नसतं. फरक तिथे आहे. सविस्तर नंतर लिहितो, आत्ता घाईत आहे.

खडूचा डबा:
मी काही काळ अशा पार्ट्या 'बसवणाऱ्या' एजन्सीत काम केलंय. आता त्या धंद्यात नाही, त्यामुळे पडद्यामागचं सांगायला हरकत नाही.

पार्टी तासाभराची असली तरी तयारी बरीच आधी सुरू होते. प्रश्न लिहिले जातात, ग्राहक कंपनीकडून आणि त्यांच्या कायदा विभागाकडून मंजूर होतात. उत्पादनाचे जे चार मुद्दे लोकांच्या मनावर ठसवायचे असतात ते प्रश्नांत असे पेरायचे, की उत्तर देणारा ते आपणहून बोलेल. 'आमची बाटली गळत नाही' असं आपण म्हणायचंच नाही. 'पिशवीत बाटली सांडल्याचा तुमचा सगळ्यात भयंकर किस्सा सांगा' असं विचारायचं. लोक किस्से सांगतात, आणि यजमान खाली येऊन म्हणतो, 'अरेरे! बरं झालं, आता आमची बाटली आली.' सहयजमानांना पैसे मिळतात किंवा माल मिळतो. सुरुवातीची पाच-दहा उत्तरं आधीच ठरवून ठेवलेली असतात, कारण रिकाम्या खोलीत कुणी पहिलं पाऊल टाकत नाही.

एकच तास का, तर ट्रेंडिंगमुळे. एकूण किती पोस्ट आल्या यापेक्षा थोड्या वेळात किती झपाट्याने वाढल्या, याला ट्रेंडिंगच्या गणितात जास्त किंमत असते. दिवसभर संथपणे येणाऱ्या दहा हजार पोस्ट दिसणार नाहीत, पण तासाभरात उसळलेल्या त्याहून कितीतरी कमी पोस्ट वर येऊ शकतात. म्हणून सगळ्यांना एका वेळी एका खोलीत कोंबायचं. हॅशटॅग सुचवला तो ख्रिस मेसिनाने, ऑगस्ट २००७ मध्ये, एका विषयावरचं बोलणं एकत्र सापडावं म्हणून. २००९ पासून ट्विटरने त्याची लिंक करायला सुरुवात केली आणि मग आमच्यासारख्यांचं फावलं.

आता अहवालाची गंमत. कंपनीला शेवटी जो आकडा दाखवायचा त्याला 'इंप्रेशन्स' म्हणतात, म्हणजे पोस्ट किती वेळा लोकांपुढे आल्या. समजा दोनशे लोक आले, प्रत्येकाचे सरासरी एक हजार फॉलोअर, आणि प्रत्येकाने वीस पोस्ट टाकल्या. २०० गुणिले १,००० गुणिले २०, झाले चाळीस लाख. अहवालात मोठ्या ठशात चाळीस लाख! प्रत्यक्षात एका माणसाला एकाच मैत्रिणीच्या वीस पोस्टसाठी वीस वेळा मोजलं जातं, त्या वेळी तो झोपला असला तरी. शिवाय या पार्ट्यांना जाणारे बहुतेक एकमेकांनाच फॉलो करतात. तेव्हा चाळीस लाखांतला मोठा भाग म्हणजे खोलीतल्याच दोनशे जणांनी एकमेकांकडे टाकलेला कटाक्ष. सगळे आकडे वाढवून काढलेले असतात असं म्हणत नाही, प्रामाणिक एजन्सी 'संभाव्य' हा शब्द जोडतात. तो बारीक ठशात असतो.

नवखा प्रवासी:
म्हणजे कंपनीला हे कळत नाही? की कळूनही चालतं?

खडूचा डबा:
कंपनीत ज्याच्याकडे हे काम असतं त्यालाही वरच्या साहेबाला काहीतरी दाखवायचं असतं. ट्रेंडिंगचा स्क्रीनशॉट ही फार सोयीची वस्तू आहे. कुणी उलटा प्रश्न विचारत नाही.

एक मात्र सांगतो. आमच्या पार्ट्यांतून काही कामाचं निघायचं ते प्रश्नांच्या उत्तरांत नसायचं. कुणीतरी वैतागून लिहायचं, 'हे ठीक आहे, पण मागच्या बाटलीचं झाकण दोन महिन्यांत फुटलं त्याचं काय?' ती एक ओळ चाळीस लाखांपेक्षा मोलाची असायची. तिचं काय व्हायचं? 'कृपया आम्हाला मेसेज करा' एवढं उत्तर देऊन पुढचा प्रश्न. अहवालात ती 'नकारात्मक, टक्केवारी नगण्य' या रकान्यात जायची.

रिकामटेकडी:
'मागच्या बाटलीचं झाकण' हे मी स्वतः विचारलेलं आहे, कंपनीचं नाव घेत नाही. मेसेज केला. नंतर पुढच्या पार्टीचं आमंत्रण आलं.

तिसरी घंटा:
ज्यांना हॅशटॅग आपल्या ताब्यात राहतो असं वाटतं त्यांच्यासाठी जुन्या मैफली.

जानेवारी २०१२. मॅकडोनाल्ड्सने आपल्याकडे माल पुरवणाऱ्या शेतकऱ्यांच्या चांगल्या गोष्टी पुढे आणायला पैसे मोजून मॅकडीस्टोरीज हा हॅशटॅग चालवला. लोकांनी गोष्टी सांगितल्या, पण आपल्या. पोट बिघडल्याच्या, तिथे नोकरी केल्याच्या, पदार्थात काय सापडलं त्याच्या. दोन तासांच्या आत मोहीम मागे घेतली. हॅशटॅग मात्र मागे घेता येत नाही, तो पुढे कितीतरी दिवस फिरत राहिला.

नोव्हेंबर २०१३. जेपी मॉर्गन या बँकेने ट्विटरवर आपल्या बड्या अधिकाऱ्याला प्रश्न विचारा म्हणून आमंत्रण दिलं, हॅशटॅग आस्कजेपीएम. आर्थिक संकटानंतर बँकांवर लोक किती चिडले होते हे सगळ्या जगाला माहीत, फक्त त्यांच्या प्रसिद्धी विभागाला नाही. असे प्रश्न आले की कार्यक्रम व्हायच्या आधीच रद्द केला आणि कल्पना वाईट होती हे त्यांनी ट्विटरवरच मान्य केलं.

आणि २०१२ च्या नोव्हेंबरात गायिका सुझन बॉयल हिच्या नव्या अल्बमसाठी ठेवलेली पार्टी. हॅशटॅगमध्ये शब्द जोडून, सगळी अक्षरं लहान लिहिल्याने तो भलताच वाचला जाऊ लागला. मी इथे फोड करून दाखवणार नाही, ज्याला हवं त्याने कागदावर लिहून बघावं. बाईंचा त्यात काडीचा दोष नव्हता.

मला अशा वेळी टाइमलाइन वाचायला फार मजा येते. ठरलेल्या पार्टीपेक्षा बिघडलेल्या पार्टीतच लोक खरं बोलतात.

उलटतपासणी:
तुमचे तिन्ही किस्से मोठ्या नावांचे आहेत, म्हणून बातमी झाली. नव्याण्णव पार्ट्या बिघडत नाहीत, नुसत्या विरून जातात. विसरल्या जाणाऱ्या त्या नव्याण्णवांचा प्रश्न जास्त आहे असं मला वाटतं.

अर्धविराम:
आलो. मॅच आणि पार्टी यातल्या फरकाबद्दल लिहायचं होतं.

अनेक देशांतले नियम आज एका मुद्द्यावर येऊन थांबलेत: तुम्ही एखाद्या वस्तूबद्दल बरं बोलताय आणि तुमचं त्या कंपनीशी काही देणंघेणं असेल, तर ते वाचणाऱ्याला स्पष्ट कळलं पाहिजे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे एफटीसीने, २००९ मध्येच आपल्या मार्गदर्शक सूचनांत ब्लॉग लिहिणाऱ्यांना आणलं आणि २०२३ मध्ये त्या आणखी कडक केल्या. ब्रिटनमध्ये अशा मजकुरावर जाहिरात असल्याची खूण दिसावी लागते. भारतात जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम आणले, तर २०२३ च्या जानेवारीत ग्राहक व्यवहार खात्याने 'साध्या, स्पष्ट भाषेत सांगा' म्हणून सूचना काढल्या.

'पैसे घेतले तर' एवढ्यापुरतं हे आहे, असा बहुतेकांचा समज असतो. पण २०१४ च्या मार्चमधलं एक प्रकरण बघा. कोल हान या बूट बनवणाऱ्या कंपनीने पिंटरेस्ट या चित्रं लावायच्या साइटवर स्पर्धा ठेवली: आमच्या बुटांची पाच चित्रं आणि भटकायला आवडणाऱ्या जागांची पाच चित्रं लावा, ठरलेला हॅशटॅग द्या, बक्षीस जिंका. भाग घेणाऱ्यांना कुणी दमडी दिली नव्हती. तरीही एफटीसीने कंपनीला कळवलं की बक्षिसाची संधी हेसुद्धा देणंघेणंच आहे, बघणाऱ्याला ते कळायला हवं होतं, आणि नुसत्या हॅशटॅगवरून ते कळत नाही. पहिलीच वेळ म्हणून कारवाई केली नाही, फक्त पत्र लिहिलं. आता हेच पार्टीला लावा. दोनशे जण बक्षिसाच्या आशेने एका बाटलीबद्दल चांगलं लिहितायत. बाहेरच्याला काय दिसतं, तर दोनशे माणसांना ती बाटली आवडली.

दुसरं, नियम सोशल मीडिया कंपन्यांचेही आहेत. 'तुमच्या टाइमलाइनवर शेअर करा आणि स्पर्धेत या' ही अट घालायला फेसबुकची मनाई आहे. इन्स्टाग्रामवर फोटोत नसलेल्या माणसांना टॅग करायला सांगणं नियमात बसत नाही. किती जण पाळतात ते तुम्ही रोज बघताच.

मधली_सुट्टी:
एक बाटली मिळेल या आशेला 'देणंघेणं' म्हणायचं म्हणजे अतीच झालं. मी काही पुढारी नाही की माझ्या एका पोस्टने लोक दुकानात धावतील.

अर्धविराम:
तुमच्या एका पोस्टने धावणार नाहीत, मान्य. म्हणूनच तर त्यांना तुम्ही दोनशे जणी लागता. लॉर्ड अँड टेलर या दुकान कंपनीने २०१५ मध्ये पन्नास इन्फ्लुएन्सरना एकच ड्रेस देऊन एकाच वीकेंडला इन्स्टाग्रामवर फोटो टाकायला लावले. पोस्ट कंपनीने आधी तपासून दिलेल्या होत्या, पण हे ठरवून केलंय असं सांगायचं बंधन तिने कुणावर घातलं नव्हतं. ड्रेस संपला आणि पुढल्या वर्षी एफटीसीशी तडजोड करावी लागली. एकटीदुकटीने तो ड्रेस घातला असता तर कुणाचं लक्ष गेलं नसतं. सगळीकडे एकदम दिसला म्हणून लोकांना वाटलं, अरे, सगळ्यांकडे आहे.

टाचणी:
हो, हेच मला पहिल्या पोस्टमध्ये नीट सांगता आलं नव्हतं.

रिकामटेकडी:
मुलांच्या फोटोंबद्दल कुणी बोललंच नाही. 'तुमच्या छोट्याचा आमच्या वस्तूबरोबरचा गोड फोटो टाका' ही बाळांच्या पार्ट्यांतली ठरलेली फेरी. अटी वाचायच्या कुणी? त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की पाठवलेला फोटो कंपनी आपल्या प्रसिद्धीसाठी वापरू शकते, मोबदला न देता. आणि नाव नोंदवायच्या फॉर्ममध्ये मुलाची जन्मतारीख कशाला लागते? पुढे कोणत्या महिन्यात कोणत्या मापाची वस्तू तुम्हाला विकायची याचं वेळापत्रक त्यावरून तयार होतं. तासाभराची पार्टी संपते, ही नोंद राहते.

खडूचा डबा:
बरोबर. आमच्याकडे ग्राहक कंपनीला सगळ्यात जास्त रस त्या फॉर्ममध्येच असायचा. ट्रेंडिंग साहेबासाठी, यादी विक्री विभागासाठी.

मधली_सुट्टी:
मुलाचा फोटो मी कधी दिला नाही. जन्मतारीख खोटी टाकते, माझीसुद्धा. :)

रिकामटेकडी:
आता थोडी उलट बाजू. मी हाताने वह्या बांधते आणि विकते. जाहिरातीला पैसे नाहीत. माझ्या छोट्या गटात एका संध्याकाळी मी लाइव्ह बसते, वही शिवताना दाखवते, लोक विचारतात, मी उत्तरं देते. बक्षीस वगैरे नाही. कुणाला हवी असेल तो मागणी नोंदवतो. हीसुद्धा 'ब्रँडची पार्टी'च म्हणायची ना? मला त्यात लाज वाटत नाही, कारण समोर मी आहे आणि सगळ्यांना ठाऊक आहे की मी विकायला बसलेय. पुठ्ठा पातळ का वापरला असं कुणी विचारलं तर मला 'मेसेज करा' म्हणून पळता येत नाही.

नवखा प्रवासी:
हे मला पटलं. पण मग ते फेसबुकवरचे 'पार्टी' गट? माझ्या मावसबहिणीने न विचारताच मला अशा एकात घातलं. रोज खेळ, रोज प्रश्नमंजूषा, 'कमेंटमध्ये तुमचा आवडता रंग लिहा'. बाहेर पडलो तर ती रुसली. ती कुठल्याशा कंपनीची 'सल्लागार' झालीय.

उलटतपासणी:
तो साखळी विक्रीचा प्रकार. टपरवेअरचं बी तिथेच जास्त फोफावलं. तुमच्या बहिणीवर रागावू नका, बहुधा तिने माल आधी स्वतःच्या पैशाने उचललेला असेल आणि पार्टी ही तिची तो खपवायची धडपड असेल. अमेरिकेत लेगिंग्ज विकणाऱ्या लुलारो कंपनीच्या बायका फेसबुकवर गट करून अशाच लाइव्ह पार्ट्या घ्यायच्या. कित्येकींच्या घरात न खपलेले गठ्ठे पडून राहिले. ही पिरॅमिड योजना आहे, म्हणजे माल विकण्यापेक्षा नवी माणसं जोडण्यावरच चालते, म्हणून वॉशिंग्टन राज्याने खटला भरला आणि २०२१ मध्ये कंपनीने ४७.५ लाख डॉलर देऊन तो मिटवला. कंपनीने चूक कबूल केली नाही, हेही नोंदवून ठेवतो.

या पार्टीत यजमान आणि बकरा एकच असतो. हॅशटॅग पार्टीत निदान जाणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही.

नवखा प्रवासी:
तिला हे कसं सांगू?

उलटतपासणी:
आत्ता सांगू नका. गटाची सूचना बंद करा, बाहेर पडू नका. रुसवा गेला की घरात माल किती पडलाय ते सहज विचारा.

तिसरी घंटा:
पार्टीला बक्षीस लागतंच का, हा मला पडलेला प्रश्न. २०२० च्या मार्चमध्ये, सगळं जग घरात अडकलेलं असताना, द शार्लटन्स या बँडचा गायक टिम बर्जेस याने ट्विटरवर 'लिसनिंग पार्टी' सुरू केली. ठरलेल्या वेळी सगळ्यांनी आपापल्या घरी एकच अल्बम लावायचा आणि ऐकता ऐकता लिहायचं. ज्यांनी तो अल्बम केला ते कलाकार स्वतः येऊन कुठलं वाद्य कसं वाजवलं, कुठे गोंधळ झाला ते सांगायचे. एकच तास, एकच हॅशटॅग, रचना अगदी तुमच्या बाटलीवाल्यांचीच. फुकट काही मिळत नव्हतं तरी लोक यायचे आणि पुढे कितीतरी महिने येत राहिले. जुने अल्बम विकलेही गेले असतील, पण ते सांगायला कुणी चाळीस लाखांचा तक्ता लावला नाही.

खडूचा डबा:
कारण तिथे बोलायला विषय होता. पाण्याच्या बाटलीवर एक तास काय बोलणार? विषय नसतो म्हणून बक्षीस लागतं. बक्षीस ठेवलं की बक्षिसासाठीच आलेली खाती येतात, ज्यांच्या टाइमलाइनवर स्पर्धांशिवाय दुसरं काही नसतं. मग एजन्सी गर्दी झाली म्हणून खूश. मी एकदा सुचवलं होतं की एक पार्टी बिनबक्षिसाची करून बघू. बैठकीत सगळे हसले.

अर्धविराम:
इन्फ्लुएन्सरना विमानाने नेऊन केलेल्या पार्ट्या आणि सहली हा याचाच थोरला भाऊ. २०२३ मध्ये शीन या ऑनलाइन कपडे विकणाऱ्या कंपनीने काही जणींना चीनमधलं आपलं केंद्र दाखवायला नेलं, त्यांनी तिथलं सगळं किती छान आहे म्हणून व्हिडिओ टाकले, आणि कामगारांच्या परिस्थितीबद्दल आधीच प्रश्न विचारणारे लोक त्यांच्यावर तुटून पडले. शिव्या कंपनीपेक्षा त्या मुलींनीच जास्त खाल्ल्या. पार्टी कुणाचीही असो, शब्द तुमचा गेला की तो तुमच्याच नावावर राहतो.

टाचणी:
चर्चा चांगली चाललीय. ज्यांना फक्त त्रास टाळायचा आहे त्यांच्यासाठी उपाय: एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, सेटिंग्जमध्ये शब्द म्यूट करता येतो, चोवीस तास, सात दिवस, तीस दिवस किंवा कायमचा. नुसता शब्द टाकला तर त्याचा हॅशटॅगही जातो, हॅशटॅग टाकला तर फक्त हॅशटॅगच जातो, तेव्हा हॅशटॅगच टाका. नाहीतर तो शब्द असलेलं चांगलं लिखाणही जाईल. फेसबुकवर माणसाला तीस दिवस 'स्नूझ' करता येतं आणि त्याला कळत नाही. मैत्रिणीला अनफॉलो करण्यापेक्षा हे बरं.

मधली_सुट्टी:
बरं, एक खरंच विचारायचंय. अर्धविराम, तुमचं बक्षिसाबद्दलचं म्हणणं मी दोनदा वाचलं. मला अजूनही ते जरा जास्तच वाटतं, पण लिहायचं झालंच तर काय आणि कुठे लिहायचं?

अर्धविराम:
प्रत्येक पोस्टमध्ये, सुरुवातीच्या भागात, 'स्पर्धेसाठी' असं सरळ लिहा. एकदाच आधी सांगून चालत नाही, कारण तुमची सातवी पोस्ट वाचणाऱ्याने पहिली वाचलेली नसते. तुटक, आद्याक्षरी खुणा नकोत. आणि वस्तू वापरलीच नसेल तर 'मस्त आहे' लिहू नका, 'अजून वापरली नाही' लिहा. याने कुणी बक्षीस नाकारत असेल तर ती पार्टी कशी आहे ते तिथेच कळलं.

खडूचा डबा:
नाकारणार नाहीत. सोडतीने काढतात बहुतेक. पण तुमची पोस्ट रीपोस्ट करणार नाहीत, एवढं नक्की सांगतो.

मधली_सुट्टी:
या शुक्रवारी एक आहे, मुलांच्या दप्तरांची. मी आयोजकांना मेसेज करून विचारलं, प्रत्येक उत्तराच्या आधी 'स्पर्धेसाठी' लिहिलं तर चालेल का? उत्तर आलं: 'तुमचा उत्साह पाहून आनंद झाला! नावनोंदणीची लिंक सोबत देत आहोत. पाच मैत्रिणींना टॅग करायला विसरू नका!'

टाचणी:
म्हणजे प्रश्न वाचलाच नाही.

मधली_सुट्टी:
नाही ना. मी जाणार आहे तरी. 'स्पर्धेसाठी' लिहीन, आणि मागच्या वर्षीच्या दप्तराची चेन गेली त्याचंही विचारीन, पहिल्याच प्रश्नाखाली. टॅग कुणाला करणार नाही. हॅशटॅग काय आहे ते तुला मेसेज करते, आधीच म्यूट करून ठेव.

टाचणी:
नको, या वेळी उघडा ठेवते. चेनचं काय उत्तर देतात ते बघायचंय.